सोडून दिलेला मासा

अलास्काच्या नैर्ऋत्य भागात सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन हंगाम एकमेकांवर येतात. मूसच्या शिकारीचा हंगाम चालू असतो, आणि सॅमनची अंडी खाऊन खाऊन नद्यांमधले ट्राउट चांगलेच लठ्ठ झालेले असतात. त्यामुळे तिथल्या आडबाजूच्या एखाद्या कॅम्पवर एकाच दिवसात, एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी होऊ शकतात. सकाळी मूस मारला जातो, संध्याकाळी ट्राउट गळाला लावून पुन्हा पाण्यात सोडून दिला जातो.

समजा, या दोन्हींपैकी एकच काम तुम्हाला करायचं आहे. कुठलं कराल?

ओळखीतल्या मराठी मंडळींना मी हा प्रश्न अधूनमधून विचारतो. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. मूस नको रे बाबा, एवढं मोठं जनावर! मासा चालेल, आणि तोही परत सोडणार असू तर उत्तमच. मासे-मटण खाणारे हेच सांगतात आणि न खाणारेही हेच सांगतात. एका गोष्टीत जीव गेला, दुसरीत वाचला, मग यात विचार करण्यासारखं काय आहे, असा एकूण सूर असतो. मला हे उत्तर उलटं वाटतं. का, ते तुमच्यापुढे मांडायचं आहे. पटलं नाही तर भांडायला मोकळे आहातच.

आधी तो दिवस कसा असतो ते पाहू, कारण नुसत्या तत्त्वांवर बोललं की हा विषय लगेच पातळ होतो.

डिलिंगहॅम हे त्या भागातलं मोठं गाव, पण अँकरेजहून तिथे रस्त्याने जाता येत नाही, विमानानेच जावं लागतं. तिथून फ्लोटप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, तुम्हाला एखाद्या तळ्यावर उतरवतं आणि निघून जातं. तळ्याकाठी तंबू, स्टोव्ह, सॅटेलाइट फोन, अस्वलं आत येऊ नयेत म्हणून बॅटरीवरचं विजेचं कुंपण. त्या दिवशी बंदूक हातात घ्यायची नाही. ज्या दिवशी विमानाने आलात त्या दिवशी मोठ्या जनावराची शिकार करायला कायद्याने बंदी आहे; दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतर परवानगी. वरून जनावर हेरायचं, शेजारी उतरायचं आणि गोळी घालायची, असं कुणी करू नये म्हणून हा नियम. आणखी एक नियम आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा. तुम्ही अलास्काचे रहिवासी नसाल आणि अमेरिकेचे नागरिकही नसाल, तर कुठल्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाइड बरोबर असावाच लागतो. नागरिक असाल तर मूससाठी ती सक्ती नाही. पासपोर्टचा फरक कुठवर पोचतो पहा!

पहाटे अंधारात निघायचं. माजावर आलेला नर शोधायचा असतो, म्हणून गाइड मादीच्या आवाजाची नक्कल करतो. नाकातून काढलेला, लांबलचक, कण्हल्यासारखा तो आवाज असतो. मग खांद्याचं एक वाळलेलं हाड घेऊन ते विलोच्या झुडपावर खरखर घासतो, म्हणजे दुसरा नर शिंगं घासतो आहे असं वाटावं. आणि वाट पाहायची, तासन्‌तास. बहुतेक दिवशी काहीच येत नाही. आलंच तर शिंगं मोजायची, तीही लांबून, डोळ्यांनी. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला साधारणपणे ५० इंच किंवा त्याहून रुंद शिंगांचा, किंवा शिंगांच्या कपाळाकडच्या भागाला ठरावीक टोकं असलेला नरच मारता येतो. अंदाज चुकला तर तो गुन्हा. शंका असेल तर गोळी घालायची नाही, असं गाइड बजावून सांगतो.

गोळी नीट लागली तर दोन्ही फुप्फुसांतून जाते. जनावर क्षणभर उभं राहतं, काही पावलं चालतं आणि खाली कोसळतं. आपल्या जुन्या शिकारकथा इथेच संपायच्या. सावजावर पाय ठेवून काढलेला फोटो आणि पुढचं काम कुणीतरी गडीमाणसांनी करायचं. कॅम्पवरचं काम मात्र इथून सुरू होतं.

अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा हिशोब असा, की १६०० पौंडांच्या, म्हणजे सव्वासातशे किलोंच्या नराचं साधारण ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो मांस होतं. ते सगळं बाहेर काढावं लागतं. ‘सगळं’ म्हणजे काय, ते कायदाच सांगतो. मानेचं, छातीचं, फासळ्यांमधलं, पुढचे पाय गुडघ्यापर्यंत, मागचे पाय घोट्याच्या सांध्यापर्यंत, पाठीच्या कण्यालगतचं. काही भागांत तर मांस हाडावरून सोडवायलाही परवानगी नाही. हाडासकट कॅम्पपर्यंत वाहायचं. मागचा एक पाय पन्नास किलोंहून जड भरू शकतो, आणि खाली जमीन म्हणजे पाय रुतणारी, गवताच्या गड्ड्यांनी भरलेली दलदल. शिंगं आधी नेऊन ठेवू म्हणाल तर तेही चालत नाही. शिंगं मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच हलवायची. मांस टाकून दिलं तर दंड आहे आणि तुरुंगही आहे.

सकाळी सातला मूस पडला तर तीन माणसांना दुपार उलटून जाते. कातडी सोडवायची, तुकडे करायचे, सच्छिद्र कापडाच्या पिशव्यांत भरायचे, माश्या बसू द्यायच्या नाहीत, कॅम्पवर आडव्या दांड्याला टांगून वारा लागेल असं ठेवायचं. हात कोपरापर्यंत भरलेले असतात. वास डोक्यातून जात नाही. पोटातून अजून वाफ येत असते. याचं वर्णन मी मुद्दाम लांबवत नाही, पण लपवतही नाही.

त्या मांसाबद्दलची मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. ते विकता येत नाही. शिकारीचं मांस विकणं बेकायदेशीर आहे. ते खाता येतं किंवा देऊन टाकता येतं. सव्वादोनशे किलो मांस विमानाने न्यू जर्सीला किंवा टेक्ससला नेण्याचा खर्च ऐकून बरेच शिकारी त्यातलं पुष्कळसं डिलिंगहॅममध्ये किंवा आसपासच्या खेड्यांत वाटून टाकतात. त्यासाठी एक कागद भरावा लागतो. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. एवढ्या मोठ्या मृत्यूतून निघालेली वस्तू बाजारात जाऊच शकत नाही, हे आज जगात फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता येईल.

आता संध्याकाळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे रात्री आठ-नऊपर्यंत उजेड असतो. अंग दुखत असतं, पण नदी कॅम्पपासून हाकेच्या अंतरावर, आणि दिवसाचे पैसे तर भरलेले. गाइड तुमच्या दोरीला प्लास्टिकचा एक नारिंगी मणी बांधतो, सॅमनच्या अंड्याएवढा, तसाच दिसणारा. त्याच्या मागे दोन बोटं अंतरावर लहानसा गळ. सॅमन अंडी घालत असतात, ट्राउट त्यांच्या मागे तोंड उघडून उभेच असतात. पाचव्या-सहाव्या फेकीला दोरी ताणते.

पुढची काही मिनिटं कुणालाही आवडतील. मासा उसळी मारतो, धावतो, रीळ किरकिरते, तुम्ही थोडं सोडता, थोडं ओढता. मग तो थकतो. गाइड जाळं खाली धरतो, फोटो काढतो, गळ काढतो, माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरतो, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाऊन त्याच्यात दम येईल. मासा शेपटी झटकतो आणि जातो. सगळ्यांना बरं वाटतं. मग परत दोरी टाकायची. चांगल्या संध्याकाळी असे वीसही होतात.

कोकणातले वाचक इथे थांबून विचारतील, वीस मासे गरवले आणि एकही घरी आणला नाही? मग गरवलेत कशाला?

हा प्रश्न अडाणी नाही. त्या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या युपिक लोकांनीही तोच विचारला आहे. त्यांच्या समजुतीनुसार मासा किंवा जनावर नुसतं पकडलं जात नाही. जो मान ठेवतो त्याच्याकडे ते स्वतःहून येतं, स्वतःला देऊ करतं. दिलेलं घ्यायचं, वाया घालवायचं नाही, इतरांना वाटायचं; मग ते पुन्हा येतं. अशा माशाला ओठात लोखंड अडकवून दमवायचं, न्याहाळायचं आणि ‘नको’ म्हणून परत टाकायचं, याला ते माशाशी खेळणं म्हणतात, आणि खेळणं हा त्यांच्या दृष्टीने अपमान आहे. बाहेरच्या पाहुण्यांना दयाळूपणा वाटतो तोच प्रकार त्यांना उर्मट वाटतो.

समजूत म्हणून हे बाजूला ठेवायचं असेल तर ठेवा, प्रयोगशाळेकडे जाऊ. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या, रेनबो ट्राउटच्या, ओठांत मधमाशीचं विष आणि अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिलं. माशांनी बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही; काहींनी तर ओठ तळाच्या खड्यांवर घासले. माशाच्या मेंदूत आपल्यासारखी वेदना ‘जाणवण्याची’ सोय आहे का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण ओठ ही काही त्याची नखं-केसांसारखी बधिर जागा नाही, एवढं तरी कळलं. जर्मनीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं गुन्हा आहे आणि निव्वळ मजा हे तिथे वाजवी कारण मानलं जात नाही. खाण्यासाठी मारणं हे कारण चालतं. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच हेतूने मासेमारी करायला बंदी आहे. म्हणजे आपल्याला जे जास्त पापाचं वाटतं त्याला तिथला कायदा परवानगी देतो, आणि कमी पापाचं वाटतं त्याला मना करतो.

एवढ्यावर मी माझी बाजू जिंकली असं म्हणून थांबलो तर ती लबाडी होईल, कारण सोडणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. रेनबो ट्राउट काही सॅमनसारखा नाही. सॅमन एकदाच अंडी घालून मरतो. आणि ब्रिस्टल उपसागरात लाल सॅमन, म्हणजे सॉकाय, इतका येतो की माणसांनी आणि अस्वलांनी खाऊनही पुरतो. ट्राउट मात्र वर्षानुवर्षं जगतो, सावकाश मोठा होतो. फ्लोटप्लेनने आलेल्या प्रत्येक पाहुण्याने दिवसाला दोन-दोन घरी नेले असते तर त्या नद्यांमध्ये आज दाखवायला ट्राउट उरला नसता. म्हणून बऱ्याच ठिकाणी तो सोडण्याचाच नियम आहे, आमिष लावायला मनाई आहे, एकच गळ लावायची अट आहे. नीट हाताळला तर सोडलेला मासा बहुधा जगतो. पाणी गार असेल आणि गळ ओठातच असेल तर नक्कीच जास्त जगतात. काही मरतातच.

इथे मला महाभारताच्या वनपर्वातला एक छोटा प्रसंग आठवतो. द्वैतवनात पांडव बराच काळ राहिलेले, शिकारीवर गुजराण चाललेली. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात, रडत. पण ती काय मागतात ते पहा. शिकार थांबवा, अहिंसा पाळा, असं ती म्हणत नाहीत. आम्ही आता बियाण्यापुरते उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा म्हणजे आमचं कुळ वाढेल, एवढंच त्यांचं म्हणणं. युधिष्ठिराला ते पटतं आणि सगळे काम्यकवनात मुक्काम हलवतात. तिथे गेल्यावर शिकार चालूच राहते. जयद्रथ द्रौपदीला पळवतो तेव्हा पाचही भाऊ शिकारीलाच गेलेले असतात.

अलास्काचा सगळा शिकार-कायदा या स्वप्नातल्या हरणांच्या तर्कावर उभा आहे, असं म्हणायला हरकत नाही. ५० इंचांची अट तीच, हंगामाच्या तारखा त्याच. बियाणं राहिलं पाहिजे. एकेका हरणाचं काय, हा प्रश्न ना स्वप्नात आहे ना कायद्यात. मासा सोडणारा कुळाचा विचार करतो आणि त्या हिशोबात तो बरोबर आहे. पण युधिष्ठिराने त्यावर काढलेला उपाय लक्षात घ्या. त्याने हरणं पकडून, कुरवाळून सोडून द्यायला सुरुवात केली नाही. तो तिथून निघून गेला. कुळ वाचवायचं असेल तर मासा न पकडणं हाही एक मार्ग आहे, आणि तो पकडून सोडण्यापेक्षा नक्कीच सुरक्षित आहे. ‘संवर्धन’ हे सोडून देण्याचं कारण होऊ शकतं, पकडण्याचं नाही. पकडण्याचं कारण ती पाच मिनिटंच आहेत, जी कुणालाही आवडतील असं मी वर म्हटलं.

त्याच वनपर्वात धर्मव्याध आहे. मिथिलेचा खाटीक, कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणारा. आपण त्याची गोष्ट ‘कुठलंही काम हलकं नसतं’ म्हणून मुलांना सांगतो. पण तो स्वतःबद्दल काय सांगतो? मी जनावरं मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचं मांस विकतो, आणि स्वतः ते खात नाही. मग तोच पुढे म्हणतो की नांगरानेही जमिनीतले असंख्य जीव मरतात, हिंसेवाचून जगणारा कुणी नाही. मला हा माणूस फार आवडतो, आणि तरी वाटतं की आपण सगळे त्याच्या पहिल्या वाक्यात राहतो, दुसऱ्याकडे जात नाही. आपणही मारत नाही. दुसऱ्यांनी मारलेलं, हाडं काढलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चिकन आपण घेतो. शाकाहारी असाल तर नांगराचा भाग घेतो. मारण्याचं काम कुणीतरी केलेलं असतं, त्या माणसाचा चेहरा आपल्याला माहीत नसतो, आणि आपले हात स्वच्छ असतात. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ पूर्ण थांबली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे आपल्या दोन-तीन पिढ्यांना खाणं आणि मारणं या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी वाटू लागल्या, हेही खरं.

मूसपाशी दिवसभर राबलेल्या माणसाला ही सोय नसते. एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते मला पुरेसं मोठं वाटतं. जे घेतलं ते काय होतं हे त्याला कळलेलं असतं. पाठीला कळलेलं असतं.

पण शिकाऱ्याला संत करू नका. त्या मांसावाचून त्याचं अडलेलं नसतं. हजारो डॉलर खर्चून, विमानं बदलून आलेला माणूस पोटासाठी आलेला नसतो. गावातल्या युपिक कुटुंबाचा मूस आणि त्याचा मूस एकच नाहीत. बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून १९३७ पासून वन्यजीवांसाठी पैसा जातो, हे शिकारी लगेच सांगतात. खरं आहे. पण कर भरल्याने कृत्य योग्य ठरत असतं तर सिगारेट ओढणं ही समाजसेवा झाली असती. आणि त्याच कॅम्पवर, त्याच गाइडबरोबर, काही पाहुणे तपकिरी अस्वल मारायला येतात. त्या अस्वलाचं मांस आणण्याची बहुतेक ठिकाणी सक्ती नाही. कातडं आणि कवटी आणली की झालं. बाकीचं तिथेच. मूसच्या बाबतीत मी जे काही म्हणालो त्यातलं एकही वाक्य त्या अस्वलाला लागू होत नाही, आणि त्याचं समर्थन करायचा मी प्रयत्नही करणार नाही.

म्हणजे माझी मोजपट्टी जीव गेला की राहिला एवढीच नाही. घेतलं त्याचं काय केलं, आणि मुळात का घेतलं, हेही मी विचारतो. या प्रश्नांना मूसपाशी काहीतरी उत्तर आहे, अर्धंमुर्धं का होईना. अस्वलापाशी नाही. आणि सोडून दिलेल्या विसाव्या माशापाशीही नाही, तो आनंदाने शेपटी झटकत गेला असं आपल्याला वाटलं तरी.

तुम्ही म्हणाल, अहो, मूसचा अख्खा जीव गेला आणि माशाच्या ओठाला फक्त भोक पडलं, दोन्ही एका तागडीत कसे घालता? बरोबर आहे. मूसचं नुकसान कितीतरी मोठं आहे. मूसला विचारलं असतं तर त्याने माशाची जागा मागितली असती, यात शंका नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की नुकसान लहान असलं तरी त्याला कारण लागतं, आणि ‘शेवटी सोडूनच तर दिला’ हे कारण नाही.

तुम्ही कधी गेलात तर काय कराल, हा तुमचा प्रश्न. त्या दिवसांत त्याच नदीत सिल्व्हर सॅमनही चढत असतो. तो पकडायचा, डोक्यात एक नेमका टोला द्यायचा, कल्ले कापून रक्त काढायचं आणि तव्यावर टाकायचा. कॅम्पवर दोन माणसांना एक पुष्कळ होतो. तेवढं झालं की अडचण सुरू होते, कारण घड्याळात साडेसहा वाजलेले असतात, पाणी चमकत असतं, वरच्या डोहात ट्राउट उठताना दिसत असतात आणि अजून दोन-अडीच तास उजेड असतो. गाइड दुसरा मणी बांधून तयार असतो. ‘आज पुरे’ म्हटलंत तर तो काळजीने विचारेल की काही चुकलं का, बरं वाटत नाही का. त्याला सांगा, सगळं उत्तम आहे, टिप पूर्ण मिळेल. आणि भात टाका, सॅमनबरोबर लागेल.